विश्लेषण : टाच नीट टेकत नाही, मग नुसता ‘आर्च सपोर्ट’ कशाला? आखडलेल्या घोट्यासाठी इनसोल आणि ब्रेस कसे हवेत?

टाच दुखते म्हणून इनसोल घेतले आणि आठवड्याभरात तळवा दुखू लागला. पक्षाघातानंतर आजोबांना प्लास्टिकचा ब्रेस मिळाला, पण तो चार दिवसांत कपाटावर गेला. चवड्यावर चालणाऱ्या मुलाला खास बूट करून दिले, तरी टाच बुटाच्या आत अधांतरीच राहिली. या तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण अनेकदा त्यांचे मूळ एकच असते. घोटा किती वाकतो, हे साधन बनवण्यापूर्वी कोणी नीट मोजलेलेच नसते. न वाकणारा घोटा सपाट इनसोलवर किंवा काटकोनी ब्रेसमध्ये बसवला, की तो दुसरीकडून वाट काढतो आणि तिथे दुखणे सुरू होते. अशा पायासाठी साधन कसे आखतात आणि ते घेताना आपण काय पाहावे, याविषयी...

घोटा ‘आखडला’ म्हणजे नेमके काय?

पाऊल आणि नडगी काटकोनात असतील तर त्या स्थितीला शून्य अंश म्हणतात. टाच जमिनीवर ठेवून नडगी त्यापुढे जितकी झुकते, तितकी घोट्याची पुढची हालचाल. सपाट रस्त्यावर चालताना, टाच उचलण्याच्या आधीच्या क्षणी, गुडघा सरळ असताना साधारण १० अंश हालचाल लागते. जिना उतरताना ती जास्त लागते. टाचा टेकवून उकिडवे बसायचे तर चालण्याच्या तिप्पट-चौपट.

ही हालचाल दोन कारणांनी अडते. पहिले कारण मागे असते. पोटरीचे स्नायू आणि टाचेला जोडलेली जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, आखूड किंवा ताठ झालेली असते. मधुमेह, पक्षाघात, सेरेब्रल पाल्सी, बरेच दिवस प्लास्टरमध्ये राहिलेला पाय, अंथरुणाला खिळलेला रुग्ण यांच्यात हे दिसते. कोणताही आजार नसलेल्या अनेकांचीही पोटरी आखूड असते. दुसरे कारण समोर असते. जुना अस्थिभंग, संधिवात किंवा वाढलेले हाड सांध्याच्या पुढच्या भागात आडवे येते. झुकताना पोटरीत ताण जाणवला तर कारण बहुधा मागे आहे. घोट्याच्या समोर टोचल्यासारखे झाले तर ते बहुधा समोर आहे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पोटरी ताणण्याचे व्यायाम पहिल्या प्रकारात उपयोगी पडतात. दुसऱ्या प्रकारात हाडावर हाड आपटत राहते.

घोटा वाकला नाही तर शरीर काय करते?

चालणे थांबत नाही. घोट्याकडून न मिळालेले अंश शरीर दुसरीकडून वसूल करते. त्याच्या चार वाटा आहेत. एक, टाच वेळेआधी उचलली जाते. मग शरीराचा भार जास्त वेळ चवड्यावर राहतो आणि तिथे घट्टे पडतात. दोन, पावलाचा मधला भाग खचतो. तळव्याची कमान खाली बसते, पाऊल बाहेरच्या दिशेने वळते आणि घोट्याऐवजी पाऊलच मध्ये वाकते. तीन, गुडघा मागे ढकलला जातो. चार, माणूस कमरेतून पुढे वाकून छोटी-छोटी पावले टाकू लागतो.

म्हणून टाच दुखणारा, चवड्याला घट्टे पडलेला आणि गुडघा मागे जाणारा असे तीन रुग्ण तीन वेगळ्या डॉक्टरांकडे जाऊ शकतात आणि तिघांचीही पोटरीच आखूड असू शकते. जिथे दुखते तिथे साधन लावले आणि घोटा तपासलाच नाही, तर उपचार चुकीच्या ठिकाणी होतो.

घरच्या घरी ओळखता येते का?

प्राथमिक अंदाज घेता येतो. भिंतीकडे तोंड करून अनवाणी उभे राहा. एक पाऊल भिंतीपासून थोडे मागे ठेवा. टाच न उचलता गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवा. टेकला तर पाऊल आणखी थोडे मागे घ्या. टाच न उचलता गुडघा टेकतो असे सर्वांत लांबचे अंतर, अंगठ्याच्या टोकापासून भिंतीपर्यंत, टेपने मोजा. ते १० सेंटिमीटरच्या आसपास किंवा अधिक असेल तर घोटा सहसा पुरेसा मोकळा समजतात. त्याहून बरेच कमी असेल, किंवा दोन पायांत ठळक फरक असेल, तर तपासणी करून घेणे योग्य.

या चाचणीत फसगत होण्याच्या दोन जागा आहेत. तळव्याची कमान खाली बसू दिली तर पाऊल मध्ये वाकते आणि घोटा वाकल्याचा भास होतो. म्हणून गुडघा अंगठ्याच्या आत न जाता दुसऱ्या बोटाच्या रेषेत पुढे न्यायचा. दुसरी फसगत अशी, की येथे गुडघा वाकलेला असतो. गुडघा सरळ असतानाच अडणारी पोटरी या चाचणीत सुटून जाते. पक्षाघात झालेल्यांनी किंवा तोल जाणाऱ्यांनी ही चाचणी एकट्याने करू नये. पायाला बधिरता असलेल्या मधुमेहींनी थेट तज्ज्ञांकडे जावे.

गुडघा सरळ आणि गुडघा वाकवून, दोन मापे कशासाठी?

पोटरीत दोन मुख्य स्नायू असतात. वरचा गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वरून सुरू होतो. त्याखालचा सोलियस गुडघ्याच्या खालून. दोन्ही अकिलीस टेंडनला मिळतात. गुडघा वाकवला की वरचा स्नायू सैल पडतो, खालचा मात्र तसाच राहतो. त्यामुळे गुडघा सरळ असताना घोटा अडतो आणि वाकवल्यावर मोकळा होतो, तर दोष वरच्या स्नायूत असतो. दोन्ही वेळा अडला तर सोलियस, टेंडन किंवा खुद्द सांधा अडतो आहे.

ही तपासणी स्वीडनचे अस्थिशल्यविशारद निल्स सिल्फव्हरशोल्ड यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १९२० च्या दशकात मांडली. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्टिक्सचे सांघिक सुवर्ण मिळवणाऱ्या स्वीडिश चमूतही ते होते. शंभर वर्षांनंतरही साधन आखण्याची सुरुवात याच दोन मापांपासून होते. चालताना, टाच उचलण्याच्या क्षणी गुडघा जवळपास सरळ असतो. म्हणून चालण्यासाठीचा ब्रेस किंवा इनसोल ठरवताना गुडघा सरळ ठेवून घेतलेले माप निर्णायक ठरते. खुर्चीवर बसवून, गुडघा वाकवून घेतलेल्या मापावर ब्रेस बनवला, तर तो बसल्यावर छान बसतो आणि उभे राहिले की टोचू लागतो. ‘दुकानात बरा वाटला, घरी आल्यावर घालवेना’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असते.

कमानीला आधार दिला तर बिघडते काय?

कमान खचलेली दिसते, म्हणून खालून टेकू द्यावा, हे तर्काला धरून वाटते. पण पोटरी आखूड असेल तर कमान खचणे ही शरीराने काढलेली पळवाट असते. घोट्यातून न मिळालेले अंश पाऊल मध्ये वाकून देत असते. ही वाट कडक, उंच ‘आर्च सपोर्ट’ने अडवली आणि घोटा मात्र तसाच ठेवला, तर खाली येऊ पाहणारे पाऊल आणि वर दाबणारे प्लास्टिक यांच्यात तळवा चेपला जातो. काहींची टाच आणखी लवकर उचलली जाते, काहींचा गुडघा मागे जाऊ लागतो.

सपाट पाऊल म्हणजे आजार, हा समज जुना आहे. कॅनडाच्या लष्करातील जवानांच्या पायांची दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोठी पाहणी झाली. तीवरून हॅरिस आणि बीथ या डॉक्टरांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले, की लवचीक सपाट पाऊल बहुतेकांना काही त्रास देत नाही. त्रास होतो तो सपाट पावलाच्या जोडीला अकिलीस टेंडन आखूड असेल तेव्हा. मूल अनवाणी उभे राहिल्यावर कमान नाहीशी होते, पण चवड्यावर उभे राहिल्यावर परत येते आणि काही दुखत नाही, तर सहसा साधनाची गरज नसते. पोटरी आखूड असेल तर मात्र आधी पोटरीचा विचार करायचा, कमानीचा नंतर.

मग चांगला इनसोल कसा असतो? आधी टाचेखाली पाचर देऊन घोट्याला मोकळीक द्यायची. त्यानंतर पाऊल किती खचते ते पुन्हा पाहायचे. जे खचणे उरेल तेवढ्यापुरता कमानीला आधार द्यायचा, तोही थोडा कमी उंचीचा आणि किंचित दबणाऱ्या साहित्याचा. टाच धरून ठेवणारी खोल वाटी उपयोगी पडते. क्रम उलटा झाला तर महागडा इनसोलही दुखतो.

टाच किती उचलायची, याचे काही गणित आहे का?

आहे, आणि ते शाळेतल्या त्रिकोणमितीचे आहे. मोठ्या माणसाच्या टाचेपासून चवड्यापर्यंतचे अंतर १८ सेंटिमीटर धरू. टाच १ अंशाने उचलायची तर पाचर साधारण ३ मिलिमीटर उंच लागते. ५ अंश हवे असतील तर १५ ते १६ मिलिमीटर.

आता एक उदाहरण घेऊ. दिवसभर उभे राहून शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षिकेचा घोटा गुडघा सरळ असताना ५ अंशच पुढे झुकतो. चालायला १० लागतात, म्हणजे तूट ५ अंशांची. हिशेबाने १५ मिलिमीटर पाचर हवी. पण ती सगळी बुटाच्या आत मावत नाही. साधारण एक सेंटिमीटरच्या पुढे गेले की टाच बुटातून वर निघू लागते. म्हणून काही उंची आत आणि उरलेली बुटाच्या तळाला देतात. शिवाय बुटाची स्वतःची उंचीही मोजावी लागते. धावण्याच्या अनेक बुटांत टाच चवड्यापेक्षा ८ ते १२ मिलिमीटर उंच असते. सपाट चप्पल किंवा कोल्हापुरीत हा फरक जवळपास नसतो. ‘स्पोर्ट्स शूजमध्ये बरे वाटते, चप्पल घातली की टाच दुखते’, असे लोक म्हणतात त्याचे एक कारण हे आहे. त्यामुळे इनसोल करून घेताना रोज वापरायचे बूट सोबत न्यावेत. बुटाशिवाय मोजलेली पाचर अंदाजेच असते.

दोन पथ्ये आहेत. एकाच पायाची टाच उचलली तर तो पाय लांब झाल्यासारखा होतो आणि कंबर तिरकी होते. म्हणून दुसऱ्या बुटाची उंचीही सारखी करावी लागते. आणि पाचर फोमसारखी मऊ असेल तर वजनाखाली दबून निम्मी होते. अंश द्यायचे असतील तर घट्ट ईव्हीए किंवा कॉर्कसारखे न दबणारे साहित्य हवे.

ब्रेस काटकोनातच का नसावा?

पोटरीपासून तळव्यापर्यंत पाय धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या ब्रेसला एएफओ म्हणतात. पायाचा प्लास्टरचा साचा घेतात, त्यातून पायाची प्रतिकृती बनवून ती घासूनपुसून दुरुस्त करतात. मग भट्टीत मऊ केलेली पॉलिप्रॉपिलीनची पत्री त्यावर हवा ओढून घट्ट बसवतात. मुलांसाठी पत्री साधारण ३ मिलिमीटर जाड असते, मोठ्यांसाठी ४ ते ५. कडा घोट्याच्या हाडांच्या मागे कापल्या तर ब्रेस लवचीक राहतो, पुढे आणल्या तर कडक होतो.

या सगळ्यात कळीचा क्षण साचा घेण्याचा असतो. पाऊल काटकोनात, म्हणजे ९० अंशांत, धरायचे ही अनेक वर्षांची सवय आहे. पण गुडघा सरळ असताना ज्याचा घोटा काटकोनापर्यंत येतच नाही, त्याचे पाऊल जोर लावून काटकोनात आणले तर ते घोट्यात वाकत नाही, मध्ये वाकते. बाहेरून काटकोन दिसतो, आत पावलाचा मधला भाग मोडलेला असतो. असा ब्रेस रोज घातला तर ही विकृती पक्की होऊ शकते. मोठ्या माणसांत टाच ब्रेसमधून वर सरकते, पट्ट्याखाली वळ उठतात, घोट्याच्या हाडांवर फोड येतात. वाढत्या मुलांत पाऊल होडीच्या तळासारखे गोलसर होण्याचा धोका असतो.

यावरचा उपाय ऐकायला उलटा वाटतो. घोटा आहे त्या कोनात धरायचा आणि जमीन टाचेपर्यंत उचलून आणायची. समजा, गुडघा सरळ असताना मुलाचा घोटा काटकोनाच्या ५ अंश अलीकडेच थांबतो. मग ब्रेसमध्येही पाऊल ५ अंश खालीच झुकलेले ठेवायचे आणि टाचेखालची रिकामी जागा पाचरीने भरायची. पाऊल जोर न लावता बसते आणि टाचेला खरा आधार मिळतो.

‘नडगीचा कोन’ म्हणजे काय?

टाचेखालची जागा भरली की काम अर्धेच होते. ब्रेस घालून उभे राहिल्यावर नडगी कशी उभी आहे, हे दुसरे माप. ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्ट एलेन ओवेन यांनी यावर दीर्घकाळ काम केले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाने हा विचार जगभर पोहोचवला. एका पायावर भार असताना नडगी उभ्या रेषेच्या पुढे साधारण १० ते १२ अंश झुकलेली असेल, तर गुडघा पावलाच्या मध्यावर येतो आणि मांडी, कंबर, धड त्यावर तोल धरू शकतात. नडगी सरळ किंवा मागे कललेली असेल तर गुडघा मागे जातो. फारच पुढे असेल तर माणूस गुडघे वाकवून चालतो.

म्हणजे ब्रेसमधला घोट्याचा कोन आणि नडगीचा कोन ही दोन वेगळी मापे आहेत. पहिले ब्रेस बनवताना ठरते, दुसरे ब्रेस आणि बूट घालून उभे केल्यावर. वरच्या मुलाचेच पाहा. घोटा ५ अंश खाली आहे आणि नडगी १० अंश पुढे हवी. म्हणजे टाच एकूण १५ अंश उंच हवी. त्याच्या टाच ते चवडा अंतर १० सेंटिमीटर असेल तर ही उंची सुमारे २६ मिलिमीटर होते, बुटाची स्वतःची उंची धरून. आकडा ऐकून पालक दचकतात. पण पाचरी एक-एक करून घालत, मुलाला चालवत, बाजूने मोबाइलवर चित्रीकरण करत योग्य उंची शोधता येते. गुडघा मागे जाणे थांबले, पाऊल लांब पडू लागले, की उंची जमली. १० ते १२ अंश हा सुरुवातीचा आकडा आहे. शेवटचा आकडा मुलाची चाल ठरवते. ही जुळवणी करायला तासभर लागू शकतो आणि अनेक ठिकाणी नेमकी तीच वगळली जाते. ब्रेस हातात देऊन ‘सवय होईल’ असे सांगितले जाते.

बिजागरीचा ब्रेस अधिक चांगला नाही का?

बिजागरी म्हणजे मोकळीक, असे वाटणे स्वाभाविक आहे. घोटा खरोखर पुढे वाकत असेल तर बिजागरीमुळे जिना आणि उठबस सोपी होते. पण गॅस्ट्रोक्नेमियस आखूड असेल तर बिजागरी ज्या हालचालीला वाव देते ती घोट्यात उपलब्धच नसते. मग ती पुन्हा पावलाच्या मध्यातून किंवा गुडघा वाकवून घेतली जाते. अशा पायाला कडक ब्रेस आणि पुढे गोलाई असलेला बुटाचा तळ, म्हणजे रॉकर सोल, अधिक सोयीचा ठरतो. घोट्याने वाकण्याऐवजी बूटच झोपाळ्यासारखा पुढे लवंडतो. हाडामुळे अडलेल्या किंवा शस्त्रक्रियेने जखडलेल्या घोट्यालाही रॉकरचाच उपयोग होतो. गोलाई कुठून सुरू होते यावर बरेच अवलंबून असते. ती फार पुढे गेली तर गुडघा मागे ढकलला जातो, फार मागे आली तर माणूस पुढे पडल्यासारखा चालतो.

मधुमेहात हा प्रश्न गंभीर का?

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. रक्तातील वाढलेली साखर प्रथिनांना चिकटून टेंडन आणि सांध्याभोवतीचे आवरण ताठ करते. घोटा कमी वाकतो, चवड्यावर दाब वाढतो. त्यात पाय बधिर असेल तर हा दाब जाणवत नाही. घट्टा पडतो, त्याखाली जखम होते. ती भरते आणि पुन्हा उघडते. बोट किंवा पाऊल कापावे लागण्याची सुरुवात अनेकदा अशा जखमेतून होते.

घोट्याचा यात किती वाटा आहे, हे अमेरिकेतील एका चाचणीने दाखवले. तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. चवड्याखाली जखम असलेल्या ६४ मधुमेही रुग्णांपैकी काहींना फक्त पूर्ण पायाला बसणारे प्लास्टर दिले. इतरांना प्लास्टरसोबत अकिलीस टेंडन लांब करण्याची छोटी शस्त्रक्रिया केली. जखम भरलेल्यांमध्ये सात महिन्यांत ती परत होण्याचे प्रमाण नुसत्या प्लास्टरच्या गटात ५९ टक्के होते, शस्त्रक्रियेच्या गटात १५ टक्के. दोन वर्षांनी ते अनुक्रमे ८१ आणि ३८ टक्के होते. म्हणजे केवळ जखमेवर उपचार करून भागत नाही. मात्र टेंडन जास्त लांब झाले तर भार टाचेवर येऊन तिथे जखम होऊ शकते, त्यामुळे हा निर्णय सर्वांसाठी सरसकट नसतो.

साधनाच्या बाबतीतही येथे सावधगिरी लागते. गरजेपुरती पाचर टाचेला भार वाटून घेऊ देते. गरजेपेक्षा उंच पाचर भार पुन्हा चवड्यावर ढकलते. म्हणून मधुमेहींसाठी रॉकर तळ, मऊ पण न बसणारा थर आणि जखमेच्या जागी दाब उतरवणारा इनसोल यांचा मेळ घालतात. बधिर पायाला दाबातून वाचवण्याचा हा विचार भारतातच मोठा झाला. पॉल ब्रँड यांनी १९४६ नंतर वेल्लोरमध्ये कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर काम केले. मधुमेहींना आज सुचवली जाणारी एमसीआर चप्पल त्याच परंपरेतली आहे. उघडी जखम असताना बाजारातील इनसोल घालून चालू नये. बधिर पायासाठी नवे पादत्राण घेतले की पहिले काही दिवस थोडाच वेळ घालून, पाय उतरवल्यावर लाली पाहावी.

भारतीय घरात साधन टिकते का?

इथे अनेक चांगली साधने हरतात. ब्रेस आणि पाचर बुटावर अवलंबून असतात आणि आपण बूट उंबऱ्याबाहेर काढतो. स्वयंपाकघर, देवघर, शौचालय, जमिनीवरची पंगत, सगळीकडे अनवाणी. दिवसातले बरेच तास अशा रीतीने साधनाशिवाय जातात.

ही अडचण कृत्रिम पायाच्या बाबतीत एकदा सोडवली गेली आहे. परदेशी पद्धतीचा कृत्रिम पाय बुटासाठी केलेला होता आणि त्याचा घोटा हलत नसे. तो घालून मांडी घालता येत नसे की उकिडवे बसता येत नसे, म्हणून लोक तो टाकून देत. जयपूरमध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस रबराचा, सर्व दिशांना लवणारा, अनवाणी चालता येईल असा पाय बनवला. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माणूस प्रत्यक्ष कसा राहतो ते पाहून साधन आखायचे, हा त्यातला धडा ब्रेसलाही लागू आहे.

त्यामुळे घरात घालण्यासाठी टाचेला तेवढीच उंची असलेली, मागे पट्टा असलेली वेगळी चप्पल मागून घ्यावी. ब्रेसच्या तळाला न घसरणारे रबर लावून घेता येते. उकिडवे बसणे जमत नसेल तर कमोड किंवा कमोडची खुर्ची वापरणे हा सोपा उपाय आहे. टाचा टेकवण्याच्या हट्टापायी तोल गेला तर पडून आणखी नुकसान होते.

टाच उचलून ठेवली तर पोटरी आणखी आखडणार नाही का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो आणि तो रास्त आहे. पाचर हा पोटरी लांब करण्याचा उपाय नाही. ती चालणे सुसह्य करते. पोटरीवर वेगळे काम करावे लागते. रोजचे ताण देण्याचे व्यायाम, तेही गुडघा सरळ आणि वाकवून अशा दोन्ही प्रकारे. रात्री घालायची वेगळी पट्टी. मुलांत दर आठवड्याला थोडा-थोडा कोन वाढवत घातलेली प्लास्टरे. स्नायू कडक असतील तर बोटुलिनमचे इंजेक्शन. आणि गरज पडल्यास स्नायू किंवा टेंडन लांब करण्याची शस्त्रक्रिया. घोटा मोकळा होत गेला की पाचर कमी करत जायची. म्हणून पाचर एकसंध न करता थरांची करून घेणे शहाणपणाचे, थर काढता येतात. हाडामुळे अडलेला घोटा मात्र व्यायामाने मोकळा होणार नाही. तिथे पाचर किंवा रॉकर कायमचा असू शकतो, आणि त्यात वावगे काही नाही.

साधन कुठे मिळते?

मुंबईत हाजी अली येथे केंद्र सरकारची भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील अस्थिरोग किंवा पुनर्वसन विभागात चौकशी करता येते. अनेक जिल्ह्यांत जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रे आहेत. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून पात्र दिव्यांगांना साधने मिळतात. १९७२ मध्ये स्थापन झालेली कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी अशी साधने बनवते. शिबिरात साधन मिळाले तर तयार मापातून देण्याऐवजी पाय मोजला का, आणि नंतर दुरुस्तीसाठी कुठे यायचे, हे विचारून घ्यावे. ऑर्थोटिस्ट हा १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला व्यावसायिक असतो. नोंदणी विचारण्यात संकोच नको.

साधन घेताना काय विचाराल?

माझा घोटा गुडघा सरळ ठेवून मोजला का, आणि तो किती अंश आला? अडथळा मागे आहे की समोर? ब्रेसमध्ये घोटा कोणत्या कोनात धरला आणि तो कोन का निवडला? टाचेखालची उंची किती, आणि ती माझे रोजचे बूट धरून आहे का? दुसऱ्या पायाच्या बुटाची उंची जुळवली का? ब्रेस घालून मला चालवून, बाजूने पाहून जुळवणी केली का? पुन्हा कधी दाखवायचे?

घरी आल्यावर पहिल्या दिवशी तासभर घालून पाय पाहा. उमटलेली लाली वीस-पंचवीस मिनिटांत गेली तर ठीक. त्यानंतरही राहिली, फोड आला किंवा टाच ब्रेसमध्ये वर सरकत असेल, तर सहन करत बसू नका. कापूस कोंबून किंवा पट्टा आवळून वेळ मारून नेण्यापेक्षा साधन घेऊन परत जा आणि पहिला प्रश्न पुन्हा विचारा, की गुडघा सरळ ठेवून घोटा किती अंश आला होता.